थंड डोक्यानं : लादी, मीठ आणि ध्रुवांवरचा बर्फ

एरवी या सदराला येणारी पत्रं ठरलेली. फ्रीजखाली पाणी का साचतं, एसीत दर वर्षी गॅस का भरावा लागतो, इन्व्हर्टर परवडतो का. तुर्भ्याच्या एमआयडीसीत आधी बर्फाच्या कारखान्यात आणि मग कोल्ड स्टोरेजमध्ये नोकरी केलेल्या माणसाला लोक आणखी काय विचारणार! पण गेल्या अंकात ‘बर्फाची लादी मधोमध पांढरी का असते’ याचं उत्तर देताना जाता जाता ध्रुवांवरच्या समुद्री बर्फाचं नाव निघालं आणि या खेपेला पत्रं तिकडेच वळली. शास्त्रज्ञ मी नव्हे. अमोनियाच्या वासात उमेदीची वर्षं काढली, त्यामुळे पाणी कसं धरतं आणि कसं सुटतं एवढं हाताला माहीत आहे, बाकीचं वाचून. फ्रीजवाल्यांनी पुढच्या अंकापर्यंत कळ काढावी.

प्रश्न : काका, बर्फावर मीठ टाकलं की तो वितळतो असं आमच्या पुस्तकात आहे. मग खारा समुद्र गोठतोच कसा? आणि तो बर्फ चाटला तर खारट लागेल का? (इयत्ता आठवी, ऐरोली)

पोरी, मीठ पाण्याला गोठू देत नाही असं नाही, गोठायला जास्त थंडी मागतं इतकंच. गोडं पाणी शून्य अंशाला गोठतं, समुद्राचं उणे १.८ च्या आसपास. एक लीटर समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यांचा हा प्रताप. ध्रुवाकडे हिवाळ्यात हवा उणे तीसच्याही खाली उतरते, तिथे उणे १.८ ची काय कथा!

आमचा कारखाना याच गोष्टीवर चालायचा. जमिनीत लांबरुंद टाकी, वर लाकडी झाकणं. टाकीत चांगलं खारं केलेलं पाणी, अमोनियाच्या नळ्यांनी उणे दहापर्यंत उतरवलेलं, तरी न गोठलेलं आणि सतत फिरतं. त्यात पत्र्याचे उंच डबे बुडवलेले, डब्यांत गोडं पाणी. बाहेरचं खारं पाणी थंडी पोचवतं, आतलं गोडं पाणी धरत जातं. मोठ्या लादीला दोन दिवस लागायचे. पाणी डब्याच्या कडेकडून आत गोठतं, आणि गोठताना बर्फाचे स्फटिक पाण्याखेरीज कुणालाच घरात घेत नाहीत. क्षार, हवा, बारीक गाळ, सगळं पुढे ढकलत ढकलत मधोमध आणून सोडतात. म्हणून लादी कडेला आरपार दिसते आणि गाभ्यात पांढरी असते. गिऱ्हाइकाला स्वच्छ बर्फ हवा असेल तर शेवटी गाभ्यात उरलेलं पाणी उपसायचं आणि त्या जागी ताजं भरायचं. उपसलेलं पाणी नळाचंच, पण जिभेला मचूळ लागायचं. सगळ्या डब्याचे क्षार त्या तांब्याभर पाण्यात गोळा झालेले असायचे.

समुद्रात हेच होतं, फक्त डबा नसतो. आधी पाण्यात बारीक सुया तयार होतात, त्यांचा तेलकट दिसणारा थर पृष्ठभागावर साचतो, आणि लाटा असतील तर त्याच्या कडा उचललेल्या गोल चकत्या होतात. त्यांना पॅनकेक आइस म्हणतात. चकत्या एकमेकींना चिकटल्या की सलग पापुद्रा. या सगळ्यात मीठ बाहेर ढकललं जातं. बरंचसं खाली समुद्रात उतरतं, थोडं बर्फातच केसांएवढ्या नळ्यांमध्ये अडकून राहतं. तेव्हा नवा बर्फ चाटलास तर खारट लागेल. पण तोच बर्फ एखाददोन उन्हाळे टिकला तर नळ्यांतलं खारं पाणी झिरपून जातं आणि तो वितळवून पिण्याजोगा होतो. उत्तरेकडचे इनुइट लोक जुन्या बर्फाचं पाणी पीत आले आहेत.

खाली उतरलेलं ते अतिखारं पाणी थंडही असतं आणि जडही. अंटार्क्टिकाच्या किनाऱ्याजवळ ते पार समुद्रतळापर्यंत बुडतं आणि तिथून जगभरच्या खोल समुद्रात पसरतं. बर्फ धरण्याचं प्रमाण बदललं की हे बुडणंही बदलतं. म्हणजे बर्फ वर दिसतो तेवढाच नसतो, त्याच्याखाली मोठं काम चाललेलं असतं. आणि हो, त्या नळ्यांमध्ये शेवाळ राहतं! वसंतात ऊन आलं की बर्फाची खालची बाजू तपकिरी होते. ते शेवाळ झिंग्यासारखे बारके जीव खातात, त्यांना मासे, माशांना सील आणि सीलला अस्वल. शाळेत अन्नसाखळी काढायला सांगितली तर गवत-हरीण-वाघ काढण्याऐवजी ही काढ.

प्रश्न : दादा, टीव्हीवर सांगतात की ध्रुवावरचा बर्फ वितळला की मुंबई बुडणार. माझा मुलगा म्हणतो तरंगणारा बर्फ वितळून पाणी वाढतच नाही. कुणाचं खरं? आमच्या कोळीवाड्याचं काय? (चेंदणी कोळीवाडा, ठाणे)

ताई, मुलाचं बरोबर आहे. टीव्हीवाले दोन वेगळे बर्फ एकात कालवून सांगतात.

समुद्राचं पाणी गोठून झालेला बर्फ समुद्रातच तरंगतो. आपल्या वजनाएवढं पाणी त्याने आधीच बाजूला सारलेलं असतं, वितळला की जवळजवळ तेवढंच पाणी होतो. बर्फ गोडसर आणि समुद्र खारा, म्हणून अगदी किंचित फरक पडतो, पण त्याने कुणाचा उंबरा भिजत नाही. पाणी वाढवतो तो जमिनीवरचा बर्फ: ग्रीनलंड, अंटार्क्टिका, हिमालय, आल्प्स. ग्रीनलंडवरचा सगळा उतरला तर जगाचा समुद्र सात मीटरच्या वर चढेल, अंटार्क्टिकावरचा सगळा उतरला तर पन्नास मीटरच्याही वर. सगळा उतरायला कित्येक पिढ्यांच्या पिढ्या जातील, म्हणून त्या आकड्यांनी आज झोप उडवून घ्यायची गरज नाही. झोप उडवायला त्याचा छोटासा हिस्सा पुरतो.

किती चढला, तर १९०१ ते २०१८ या काळात जगाचा समुद्र सरासरी २० सेंटीमीटर वर आला. म्हणजे वीतभर. काही पाणी जमिनीवरच्या बर्फाचं, काही वाढ पाणीच तापून फुगल्याची. आणि वेग वाढतो आहे: २००६ ते २०१८ मध्ये वर्षाला ३.७ मिलिमीटर. मुंबईत अपोलो बंदरावर १८७८ पासून भरती-ओहोटीची नोंद होते, हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ती एक.

तुम्ही म्हणाल, मुंबईच्या किनाऱ्याला उधाणाची भरती चार-पाच मीटर चढते, तिथे वीतभराची काय मातबरी? पण ती वीत रोज मोजायची नसते. पुनवेचं उधाण, वरून धो धो पाऊस, नाल्याचं पाणी खाडीत उतरायला जागा नाही, अशा तासाला ती वीत घरात येते. त्यातही खाडीकाठचा भराव आणि तोडलेली तिवरं यांचा हात ध्रुवांपेक्षा तुमच्या घराच्या जास्त जवळ आहे, हे मी नाही, तुमच्याकडची म्हातारी माणसंच सांगतील.

तरंगता बर्फ मात्र अगदीच निर्दोष समजू नका. अंटार्क्टिकात जमिनीवरून सरकत आलेल्या हिमाची जाड पुढची धार समुद्रात तरंगत असते. समुद्री बर्फाचा पट्टा तिच्यापुढे असला की मोठ्या लाटा त्यातच विरतात. पट्टा नसला की लाटा थेट त्या धारेवर येऊन आदळतात. ती धार तुटली तर मागचा जमिनीवरचा बर्फ सुटतो, आणि मग टीव्हीवाल्यांचं म्हणणं खरं व्हायला लागतं.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो आहे, आकड्यांना सहजी भुलत नाही. २०१४ मध्ये अंटार्क्टिकाभोवतीचा बर्फ विक्रमी वाढला होता. आर्क्टिकचा २०१२ चा नीचांकही त्यानंतर मोडल्याचं वाचनात नाही. मग ही बोंब कशासाठी? (नौपाडा, ठाणे)

साहेब, तुमची दोन्ही विधानं खरी आहेत. असंच नेमकं विचारलं की उत्तर द्यायला बरं वाटतं.

आधी दक्षिण. सप्टेंबर २०१४ मध्ये अंटार्क्टिकाभोवती समुद्री बर्फ २०१ लाख चौरस किलोमीटरवर गेला. १९७० च्या दशकाअखेरीस उपग्रहांच्या सलग नोंदी सुरू झाल्या तेव्हापासूनचा तो उच्चांक, आणि तेव्हा बऱ्याच लोकांनी तुमच्यासारखाच प्रश्न विचारला होता. पण २०१६ पासून चित्र उलटलं. फेब्रुवारी २०२३ मध्ये, म्हणजे तिकडच्या उन्हाळ्याच्या शेवटी, जेमतेम १८ लाख उरला. तो नीचांक. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, ऐन हिवाळ्याअखेर, १७० लाखांच्या थोडा आतच थांबला. आधीच्या सर्वांत वाईट हिवाळ्यापेक्षाही तो सुमारे दहा लाखांनी कमी होता. त्या दहा लाखांत तीन महाराष्ट्र मावतात. हा घसारा नेमका कशाने, वाऱ्यांनी किती आणि खालून वर येणाऱ्या उबदार पाण्याने किती, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. मला विचाराल तर दक्षिणेचा बर्फ २०१४ ला वाढला म्हणून निर्धास्त होणं आणि २०२३ ला घटला म्हणून लगेच सरळ रेघ ओढणं, दोन्ही घाईचं.

उत्तरेची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथली रेघ चाळीस वर्षांहून जास्त काळ एकाच दिशेने चालली आहे. दर सप्टेंबरला आर्क्टिकचा बर्फ वर्षातल्या सर्वांत कमी पातळीवर येतो. १९८१ ते २०१० ची त्या नीचांकांची सरासरी ६२ लाख चौरस किलोमीटर. २०१२ मध्ये ३४ लाख. आपला भारत ३३ लाखांच्या घरात आहे, म्हणजे त्या वर्षी उत्तर ध्रुवाभोवती भारताहून थोडा मोठा तुकडा शिल्लक होता. तो विक्रम त्यानंतर मोडला नाही हे खरं, २००७ नंतर घसरणीचा वेगही मंदावला हे खरं, आणि त्यात निसर्गाच्या नेहमीच्या चढउतारांचा वाटा आहे असं अभ्यासकही मानतात. पण २००७ ते २०२४ मधला एकही सप्टेंबर घ्या, २००७ च्या आधीच्या कुठल्याही सप्टेंबरपेक्षा तो कमीच भरतो. शिवाय २०२५ च्या मार्चमध्ये, म्हणजे बर्फ सर्वांत जास्त असायच्या वेळी, १४३ लाखांवरच थांबला. हिवाळ्याअखेरीचा तोवरचा सर्वांत कमी आकडा.

खरी गोम क्षेत्रफळात नाहीच. उपग्रह वरून बघतो; पंचवीस किलोमीटरच्या चौकटीत १५ टक्के जरी बर्फ असला तरी ती चौकट बर्फाची धरली जाते. जाडी त्यात येत नाही. पाणबुड्यांच्या आणि इतर मोजण्या एकत्र केल्या तर मध्य आर्क्टिकमधल्या बर्फाची सरासरी जाडी १९७५ मध्ये साडेतीन मीटर होती, २०१२ मध्ये सव्वा मीटर. तुमच्या भाषेत, जुन्या मुदत ठेवी मोडून झाल्या, आता चालू खात्यावर कारभार आहे.

इथे पुन्हा कारखाना आठवतो. लादीच्या कडेची पहिली दोन इंचं बघता बघता धरायची. मग वेग कमी होत जायचा, कारण धरलेला बर्फच थंडीला आत जाऊ देत नाही. शेवटच्या गाभ्याला सर्वांत जास्त वेळ. नवा पोऱ्या असला की सकाळी डबा बघून म्हणायचा, संध्याकाळी निघेल. निघायचा परवा. आर्क्टिकमध्ये तेच होतं: उन्हाळ्यात उघडा पडलेला समुद्र हिवाळ्यात पटकन झाकला जातो, एका हिवाळ्यात दीड-दोन मीटरपर्यंत धरतो, आणि वरून बघणाऱ्याला सगळं भरून आल्यासारखं दिसतं. त्याहून जाड व्हायला मात्र वर्षं लागतात, आणि तेवढी वर्षं तो आता टिकत नाही.

सप्टेंबरात आर्क्टिक ‘बर्फरहित’ होईल असं म्हणतात तेव्हा अर्थ असतो दहा लाख चौरस किलोमीटरपेक्षा कमी. आयपीसीसी, म्हणजे हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती, तिच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे २०५० च्या आत निदान एकदा तरी असं होण्याची दाट शक्यता आहे. नेमकं साल सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मागे काही जणांनी २०१३, २०१६ अशी सालं सांगून स्वतःचं आणि विषयाचंही हसं करून घेतलं आहे.

प्रश्न : आर्क्टिक बाकीच्या जगापेक्षा जास्त वेगाने का तापतं? ऊन तर आपल्याकडे जास्त असतं. (कोपरखैरणे)

१९७९ पासूनच्या नोंदी बघितल्या तर जवळजवळ चौपट वेगाने. मुख्य कारणांपैकी एक रंग. बर्फावर ताजा हिमाचा थर असेल तर आलेल्या उन्हापैकी ८०-९० टक्के तो परतवतो, उघडा बर्फ निम्म्याहून अधिक. काळंभोर उघडं पाणी सहा-सात टक्केच परतवतं, उरलेलं पिऊन टाकतं. बर्फ गेला की पाणी तापतं, तापलं की आणखी बर्फ जातो.

पण बहुतेक लोक इथेच थांबतात. आर्क्टिक सर्वांत जास्त तापतं ते उन्हाळ्यात नाही, पानगळीच्या नि हिवाळ्याच्या महिन्यांत. उन्हाळ्यातली जास्तीची उष्णता बर्फ वितळवण्यात आणि समुद्रात मुरण्यात जाते. ऑक्टोबरनंतर काळोख पडला की समुद्र ती हवेला परत देतो, आणि मध्ये झाकण नसल्यामुळे सरळ देतो.

प्रश्न : हल्ली पावसाचं वेळापत्रक पार बिघडलंय. २६ जुलैसारखे पाऊस आर्क्टिकचा बर्फ कमी झाल्यामुळे होतात असं ऑफिसात कुणी तरी सांगत होतं. तथ्य आहे का? (खारघर)

२६ जुलै २००५ चं खापर आर्क्टिकवर फोडू नका. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पडला, ठाण्यात काय झालं ते आम्ही पाहिलंय, पण त्या एका दिवसाचा धागा ध्रुवापर्यंत नेऊन कुणी बांधलेला नाही.

दुसरा एक धागा आहे. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी इतरांबरोबर २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. रशियाच्या उत्तरेला कारा समुद्र आहे. तिथे उन्हाळ्यात बर्फ कमी असला की वरच्या हवेतल्या मोठ्या लाटांची बैठक बदलते आणि त्याचा संबंध मध्य भारतात सप्टेंबरात होणाऱ्या अतिवृष्टीशी दिसतो. अरबी समुद्र गरम असला की त्याला आणखी जोर. त्यांनी स्वतः ‘संभाव्य संबंध’ असाच शब्द वापरला आहे, तेव्हा आपणही तेवढंच म्हणावं.

आपल्या लोकांना तिकडे जायचं कारण काय, असं कुणी विचारलं तर उत्तर हेच. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर ७९ अंश उत्तरेला न्यू-ओलेसुंड नावाची वस्ती आहे, तिथे २००८ पासून भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र आहे. २०१४ मध्ये तिथल्याच फियॉर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या अरुंद खाडीत, ‘इंडआर्क’ ही यंत्रणा पाण्याखाली बांधून ठेवली. खालचं पाणी किती गरम, किती खारं, याच्या नोंदी ती घेते. आधी सगळी हजेरी उन्हाळी असायची. डिसेंबर २०२३ पासून हिवाळ्यातही माणसं पाठवायला लागले. कामाची गोष्ट झाली, कारण बर्फ धरतो हिवाळ्यात.

प्रश्न : ध्रुवांवरचा बर्फ वितळल्यामुळे ठाणे खाडीत फ्लेमिंगो वाढलेत, हे खरं का? (नेरूळ)

नाही. ते बहुतांशी कच्छ आणि गुजरातकडून येतात, खाडीच्या चिखलातल्या शेवाळासाठी.

पण दुर्बीण जरा खाली करा. फ्लेमिंगोंच्या पायांत चिमणीएवढे करडे पक्षी लगबगीने चिखल टोचत असतात, त्यांच्याकडे कुणी बघत नाही. त्यातला छोटा टिलवा आणि कर्ल्यू सँडपायपर हे खरे आर्क्टिकवाले. सैबेरियाच्या टुंड्रात पिल्लं काढतात आणि हिवाळ्याला आपल्याकडे येतात. त्यांच्याच नात्यातला रेड नॉट सैबेरियाच्या उत्तर टोकाला तैमीर द्वीपकल्पात घरटं करतो. तिथलं हिम आता आधी वितळतं, किड्यांचा हंगाम पिल्लं निघायच्या आत सरतो आणि पिल्लं खुजी राहतात, चोचीही आखूड. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेल्यावर त्या आखूड चोचीला चिखलात खोल दडलेले शिंपले पोचत नाहीत, असं २०१६ मध्ये संशोधकांनी दाखवलं. हे समुद्री बर्फाचं नाही, जमिनीवरच्या हिमाचं, पण तुम्ही पक्ष्यांवरून विषय काढलात म्हणून.

समुद्री बर्फाचा थेट फटका बघायचा तर एम्परर पेंग्विन. किनाऱ्याला घट्ट धरलेल्या बर्फावर ते एप्रिलपासून डिसेंबरपर्यंत संसार करतात. २०२२ मध्ये अंटार्क्टिकाच्या बेलिंग्सहाउझेन समुद्राच्या भागात बर्फ पिल्लांना पाणी-रोधक पिसं फुटायच्या आत तुटला. पाच वसाहतींपैकी चार ठिकाणी त्या वर्षीची पिल्लं गेली.

प्रश्न : साहेब, मी एसी मेकॅनिक आहे. शिफ्टिंगला गेलो की जुना गॅस हवेत सोडून देतो, सगळेच देतात. आता पोरगी म्हणते तुमच्यामुळे ध्रुव वितळतोय. एका एसीने काय होणार? (रबाळे)

पोरीने नेमकी नस पकडली, आणि हा प्रश्न आमच्या धंद्यातलाच असल्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

डर्क नोट्झ आणि ज्युलियन स्ट्रोव्ह या दोन समुद्री बर्फाच्या अभ्यासकांनी २०१६ मध्ये एक साधा हिशेब मांडला. हवेत सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणि सप्टेंबरातला आर्क्टिक बर्फ यांची वर्षानुवर्षांची आकडेवारी शेजारी ठेवली तर जवळजवळ सरळ रेषा येते: एक टन कार्बन डायऑक्साइड, तीन चौरस मीटर बर्फ. हा आकडा वाचल्यापासून मला प्रत्येक गोष्ट चौरस मीटरमध्ये दिसते. आपल्याकडे विजेच्या एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड जातो. महिन्याला अडीचशे युनिट जाळणाऱ्या घराचे वर्षाचे दोन टन, म्हणजे सहा चौरस मीटर. लहानशी खोली. भारतीय माणसाची वर्षाची सरासरीही दोन टनांच्या आसपास, अमेरिकन माणसाची त्याच्या सातपट. तेव्हा पोरीला हेही सांगा की सगळा दोष रबाळ्याचा नाही.

आता गॅस. जुन्या स्प्लिटमध्ये आर-२२ असतो, एक किलोच्या आसपास. हवा तापवण्यात एक किलो आर-२२ शंभर वर्षांच्या हिशेबाने सुमारे १,८०० किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. नंतर आलेला आर-४१०ए त्याहून जड, दोन हजारांच्या वर. आर-३२ पावणेसातशेच्या आसपास. आमचा अमोनिया शून्य. नाकाला झोंबतो, जीवघेणा आहे, पण या एका बाबतीत सज्जन. म्हणजे तुम्ही व्हॉल्व्ह उघडून ‘भुस्स’ केलं की जेमतेम मिनिटभरात त्या घराची जवळजवळ वर्षभराची वीज हवेत जाते. ढोबळ मानाने पाच चौरस मीटर बर्फ. एका एसीने काय होणार, तर एवढं. बाकी गुणाकार तुम्ही करा, दिवसाला किती शिफ्टिंग करता ते तुम्हालाच माहीत.

याच धंद्यातली दुसरी बाजूही आहे. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारात फ्रीज-एसीचे जुने सीएफसी गॅस कमी करत न्यायचं ठरलं, ते ओझोनच्या भोकापायी. तेव्हा कुणाच्या डोक्यात समुद्री बर्फ नव्हता. पण ते गॅस हवा तापवण्यातही अट्टल होते. २०२३ मधल्या एका अभ्यासाप्रमाणे त्या करारामुळे पहिला बर्फरहित आर्क्टिक उन्हाळा पंधरा वर्षांपर्यंत पुढे ढकलला गेला. मेकॅनिकांनी गॅस बदलला म्हणून! पुढे २०१६ मध्ये किगालीला आताच्या गॅसांवरही करार झाला, भारताने तो २०२१ मध्ये मान्य केला, २०४७ पर्यंत आपल्याला ८५ टक्के कपात करायची आहे.

तुमच्या हातातलं सांगतो. चालू एसी हलवायचा असेल तर गॅस सोडायचं कारणच नाही, पंप डाऊन करा. कूलिंगवर चालू ठेवून आउटडोअरचा बारीक पाइपचा व्हॉल्व्ह अ‍ॅलन कीने बंद, गेज शून्याजवळ आला की जाड पाइपचा बंद, लगेच मशीन बंद. गॅस आउटडोअरमध्येच राहतो आणि नव्या जागी पुन्हा भरायचा खर्च वाचतो. बंद पडलेल्या मशीनला रिकव्हरी मशीन आणि वेगळा सिलिंडर लागतो. एकट्याला महाग पडतं. रबाळे-घणसोलीकडचे चार-पाच जण मिळून घ्या, आळीपाळीने वापरा. दोन वेगळे गॅस एका सिलिंडरमध्ये मिसळू नका आणि सिलिंडर काठोकाठ भरू नका, ८० टक्क्यांवर थांबा. उन्हात रिक्षाच्या टपावर ठेवलेला भरगच्च सिलिंडर फुटतो.

आणि एसीच्या मालकांसाठी: मेकॅनिक दर वर्षी ‘गॅस कमी झालाय’ म्हणत असेल तर गॅस भरू नका, आधी लीक शोधायला लावा. बंद सर्किटमधला गॅस आपोआप संपत नसतो. साबणाच्या पाण्याने फ्लेअर जोड तपासायला दहा मिनिटं लागतात, तेवढा वेळ त्याच्याजवळ उभे राहा.